समई कोठे विझली आणि कोठे तेवत राहिली

मंडळीच्या इतिहासाचा पाठ : इस्लामाचा उदय व ख्रिस्ती बादशाह्या
वाचावयाचा शास्त्रभाग : प्रकटीकरण २:१-७, प्रेषितांची कृत्ये २:१-११

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस भेटी देताना एक प्रश्न आम्हांस पुष्कळदा ऐकावा लागतो. भिंतीवर पौलाच्या प्रवासाचा नकाशा लावलेला असतो आणि कोणी वयस्क बंधू काठीने एकेक नगर दाखवीत विचारतात, "शिष्यांस ख्रिस्ती हे नाव अंत्युखियात पडले, मंडळी यरुशलेमात जन्मास आली, अपुल्लोस अलेक्झांद्रियाचा, मग आज या साऱ्या मुलखात मुसलमान अधिक आणि ख्रिस्ती थोडे, हे कसे झाले?"

या प्रश्नास बहुधा एका शब्दात उत्तर दिले जाते, ते म्हणजे तलवार. हे उत्तर अगदी खोटे नाही, परंतु ते अर्धेही खरे नाही. कारण एकाच धर्माच्या, एकाच खलिफाच्या अमलाखाली आलेल्या दोन ख्रिस्ती देशांची गती अगदी निराळी झाली. मिसर देशातील मंडळी तेराशे ऐंशीहून अधिक वर्षे मुसलमानी अमलात राहूनही आज जिवंत आहे व तिचे सभासद लक्षावधी आहेत. त्याच्याच पश्चिमेस कार्थेजच्या प्रांतात मात्र, जेथे टर्टुलियन, सिप्रियन व ऑगस्टीन यांच्यासारखे शास्त्री होऊन गेले, तेथील जुन्या मंडळीचा मागमूसही राहिला नाही. तलवार दोन्हीकडे सारखीच होती. मग एक समई विझली व दुसरी तेवत राहिली याचे कारण काय? इफिसच्या मंडळीस दिलेला इशारा मनात ठेवून वाचकांनी आमच्याबरोबर हा विचार करावा. मुसलमान शेजाऱ्यांस नावे ठेवणे हा या पाठाचा हेतू नव्हे. ज्यांच्या अंगणाला आपले अंगण लागलेले आहे, त्यांच्या धर्माचा इतिहास खरा सांगणे हे आपले कर्तव्यच आहे.

प्रथम त्या काळची स्थिती पाहू. सातव्या शतकाच्या आरंभी पूर्वेकडील रोमी बादशाही स्वतःस ख्रिस्ताची बादशाही म्हणवीत असे. तिची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, आणि मिसर, पॅलेस्टाईन, सूरिया, उत्तर आफ्रिका हे सर्व तिचे प्रांत. ६०२ साली मॉरिस बादशाहाचा खून झाला. त्याचे निमित्त करून इराणच्या दुसऱ्या खुस्रूने युद्ध आरंभिले, ते ६२८ सालापर्यंत चालले. ६१४ साली इराण्यांनी यरुशलेम घेतले व प्रभूचा वधस्तंभ म्हणून जो लाकडाचा अवशेष तेथे ठेविला होता, तो ते घेऊन गेले. हेराक्लियस बादशाहाने मोठ्या धैर्याने शत्रूच्या मुलखात शिरून ६२७ च्या डिसेंबरात निनवेजवळ इराणी सैन्याचा मोड केला आणि ६३० साली तो अवशेष समारंभाने यरुशलेमात परत आणिला. त्या दिवशी लोकांस वाटले असेल की देवाने आपल्या बादशाहीस पुन्हा उभे केले. वास्तविक दोन्ही राज्ये सव्वीस वर्षांच्या झुंजीने थकून गेली होती, खजिने रिकामे होते, गावे ओस पडली होती.

याच वर्षांत अरबस्तानात काय घडले ते सर्वांस ठाऊक आहे. महंमद पैगंबर ६२२ साली मक्का सोडून मदिनेस गेले, व ६३२ साली वारले. तत्पूर्वी, सुमारे ६१५ साली, मक्केत छळ होऊ लागला तेव्हा त्यांच्या काही अनुयायांनी समुद्र ओलांडून हबसाणच्या ख्रिस्ती राजाचा आश्रय घेतला होता व त्या राजाने त्यांस परत शत्रूच्या हाती दिले नाही, असे मुसलमान इतिहासकार स्वतः कृतज्ञतेने सांगतात. हा प्रसंग आपल्या लोकांस फारसा ठाऊक नसतो, म्हणून येथे मुद्दाम लिहिला.

पैगंबरांच्या मृत्यूनंतर अरबांच्या फौजा उत्तरेस निघाल्या. ६३४ सालच्या नाताळात यरुशलेमचा कुलगुरू सोफ्रोनियस याने जो उपदेश केला तो आजही उपलब्ध आहे. दरवर्षी नाताळात लोक बेथलेहेमास जात असत. त्या वर्षी बेथलेहेम अरबांच्या ताब्यात होते. जेमतेम तीन कोसांचे अंतर, पण जाता येईना. तेव्हा त्याने यरुशलेमातच लोकांस जमवून, आपल्या पापांमुळे आपण गव्हाणीपासून दूर राहिलो, असे त्यांस सांगितले. ६३६ साली यार्मुक नदीच्या काठी रोमी सैन्याचा पूर्ण पराभव झाला. पुढे ६३७ किंवा ६३८ साली याच वृद्ध सोफ्रोनियसाने यरुशलेम खलिफा उमर यांच्या हवाली केले. उमर यांस प्रभूच्या कबरेच्या मंदिरात प्रार्थना करण्याविषयी विनंती केली असता त्यांनी ती नाकारली. आपण येथे नमाज पढलो तर आपले लोक उद्या हे मंदिर बळकावतील, असे त्यांनी कारण दिले, अशी परंपरा आहे. ही गोष्ट दहाव्या शतकातील अलेक्झांद्रियाच्या एका ख्रिस्ती कुलगुरूनेच लिहून ठेविली आहे. त्या वेळी यरुशलेमात रक्ताचे पाट वाहिले नाहीत.

आता मिसर देशाकडे वळू, कारण आमच्या प्रश्नाची गाठ तेथेच आहे. ४५१ साली खाल्केदोन येथे सभा भरून प्रभूचे देवत्व व मनुष्यत्व यांविषयी सिद्धांत ठरला. तो आपणही मानतो. परंतु मिसरातील बहुतेक मंडळीने व सूरियातील पुष्कळांनी तो शब्दशः स्वीकारिला नाही. ते ख्रिस्तास देव व मनुष्य असे दोन्ही मानीतच होते. तंटा मुख्यतः शब्दांचा होता व त्यात राजधानीविषयीचा रोष मिसळला होता. असा तंटा शिकवून, समजावून, वाट पाहून मिटवावयाचा असतो. बादशाहांनी तो शिपायांकडून मिटवू पाहिला. जे सभेचा ठराव मानीत त्यांस लोक 'मेल्काईट' म्हणजे राजाकडील लोक म्हणू लागले. सूरियानी भाषेत राजास 'मलका' म्हणतात. 'मलिक' हा अरबी शब्द त्याचाच सोयरा असून मलिकअंबराच्या नावामुळे अहमदनगरकडील वाचकांस तो सांगावयास नको. ज्या मंडळीस तिचे स्वतःचे गावकरी राजाची मंडळी म्हणून ओळखतात, तिची अवस्था काय असेल हे मनात आणावे.

६३१ साली हेराक्लियसाने सायरस नावाच्या मनुष्यास अलेक्झांद्रियाचा कुलगुरू नेमिले, आणि त्याच मनुष्यास देशाचा सुभेदारही केले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कर वसूल करण्याची सनद! मिसरी लोकांचा स्वतःचा कुलगुरू बेन्यामीन रानातील मठांत लपून राहू लागला. त्याचा भाऊ मेनास सायरसच्या माणसांच्या हाती सापडला. कॉप्ट म्हणजे मिसरी मंडळीच्या जुन्या इतिहासात लिहिले आहे की त्याच्या अंगास मशाली लाविल्या, त्याचे दात पाडिले, त्यास वाळूच्या पोत्यात घालून समुद्राच्या काठी नेले आणि खाल्केदोनचा ठराव मान्य कर म्हणजे सोडतो, असे तीन वेळा सांगितले. त्याने तिन्ही वेळा नकार दिला, तेव्हा त्यास बुडविले. हे करणारे ख्रिस्ती होते व ज्याला मारिले तोही ख्रिस्ती होता. दहा वर्षे हा छळ चालला होता.

६३९ च्या शेवटी अम्र इब्नुल-आस नावाचा अरब सेनापती मिसरच्या सीमेवर आला. ६४१ च्या एप्रिलात त्याने नाईलकाठचा बाबेल नावाचा किल्ला घेतला, त्याच वर्षी सायरसने तह केला, आणि ६४२ साली रोमी सैन्य अलेक्झांद्रियातून जहाजांत बसून निघून गेले. कॉप्ट लोकांनी अरबांस बोलाविले असे कोणी म्हणतात, ते आम्हांस खरे वाटत नाही. निकियूचा बिशप योहान याने त्याच शतकात जो इतिहास लिहिला, त्यात अरबांनी निकियू गावात केलेल्या कत्तलीचे वर्णन आहे. त्यात विजेत्यांची खुशामत मुळीच नाही. पण तोच योहान म्हणतो की रोमी लोकांचा नाश झाला तो हेराक्लियसाच्या दुष्टपणामुळे व सायरसने केलेल्या छळामुळे. बादशाहासाठी लढावे असे त्या देशातील शेतकऱ्यास वाटले नाही, एवढेच खरे. अम्रने बेन्यामीनास अभयपत्र पाठविले, व सुमारे तेरा वर्षांच्या वनवासानंतर तो वृद्ध कुलगुरू आपल्या लोकांत परत आला. ख्रिस्ती बादशाहाने ज्यास रानात पळविले, त्यास मुसलमान सेनापतीने घरी आणिले.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून ठेवितो. प्रजेस एका मतात आणावे म्हणून हेराक्लियसाने ६३८ साली, ख्रिस्ताची इच्छा एकच आहे, असा नवा सिद्धांत फर्मानाने काढिला. त्याने कोणाचेच समाधान झाले नाही. अखेरीस ६८०-६८१ सालच्या सभेने तो सिद्धांत पाखंड म्हणून टाकून दिला. तोपर्यंत ज्या प्रांतांस खूष करण्यासाठी तो रचिला होता ते प्रांत हातचे जाऊन चाळीस वर्षे होत आली होती!

नवीन अमलात सुख होते असे मात्र कोणी समजू नये. ख्रिस्ती लोकांस आपली उपासना करण्यास मुभा होती, पण जिझिया नावाचा दरडोई कर द्यावा लागे. पुढे पुढे पोशाख, घोडेस्वारी, नवी मंदिरे बांधणे यांवर निर्बंध आले, आणि मुसलमान झालेला मनुष्य पुन्हा ख्रिस्ती झाला तर कायद्याने त्यास देहान्त शिक्षा होती. कर असह्य झाल्यामुळे नाईलच्या मुखाजवळील दलदलीत राहणाऱ्या कॉप्ट शेतकऱ्यांनी बंड केले, ते खलिफा मामून याने ८३२ साली मोडून काढिले. त्यानंतर पुष्कळांनी धर्म बदलला. १००९ साली खलिफा हाकिम याने यरुशलेमातील प्रभूच्या कबरेचे मंदिर पाडविले. तथापि ही मंडळी नाहीशी झाली नाही. का?

याचे उत्तर शोधण्यासाठी तीनशे सत्तर वर्षे मागे, अरब येण्याच्या फार पूर्वी गेले पाहिजे. सुमारे २७० साली मिसरातील एका गावात अँथनी नावाचा तरुण शेतकरी मंडळीत उपासनेस गेला. आईबाप वारलेले, घरी एक लहान बहीण, जमीन तीनशे अरूरा, म्हणजे आपल्या मापाने सुमारे दोनशे एकर. प्रभूने श्रीमंत तरुणास सर्व विकून गरिबांस देण्यास सांगितले, तो मत्तयातील भाग त्या दिवशी वाचला गेला. अँथनीने जमीन गावकऱ्यांस देऊन टाकिली व तो रानात गेला. पुढे तो सर्व जगातील मठवासीयांचा पूर्वज ठरला. (प्रपंच सोडून रानात जाणे हा प्रभूचा सर्वांस हुकूम आहे असे आम्ही मानीत नाही, पण त्याच्या आज्ञाधारकपणाविषयी कोणास शंका नसावी.) येथे मुद्दा निराळा आहे. अँथनी ग्रीक भाषा बोलत नसे. विद्वान ग्रीक त्याजकडे येत तेव्हा मध्ये दुभाषी लागे. नगरांतील धनिकांची, कचेरीची व बादशाहाची भाषा ग्रीक, पण अँथनीच्या अंतःकरणास जे वचन लागले ते त्याच्या आईच्या भाषेतील होते. तिसऱ्या व चौथ्या शतकांत शुभवर्तमाने व शास्त्राचे इतर भाग कॉप्ट भाषेत, तेही तिच्या निरनिराळ्या बोलींत, उतरविले गेले होते. बादशाहाचे सैन्य जहाजांत बसून गेले तेव्हा ग्रीक भाषाही हळूहळू गेली. पण गावच्या मंडळीतील वाचन त्याने थांबले नाही.

आणि याहून मोठी गोष्ट पुढे आहे. आठव्या शतकाच्या आरंभी सरकारी दफ्तराची भाषा अरबी झाली. जसे दक्षिणेत बादशाही दफ्तरामुळे फारसी शब्द आपल्या घराघरांत शिरले, तसे तेथे झाले, किंबहुना त्याहून अधिक, कारण काही शतकांत लोक कॉप्ट भाषा बोलेनासेच झाले. तेव्हा ती मंडळी जुन्या भाषेस केवळ पवित्र म्हणून कवटाळून बसली नाही. दहाव्या शतकात अश्मुनैनचा बिशप सेव्हेरस याने ख्रिस्ती सिद्धांत अरबीत लिहिले, आणि बाराव्या शतकात गब्रिएल दुसरा या कुलगुरूने लोकांस समजावे म्हणून उपासनेत अरबी वाचनास वाव दिला. अरबी ही विजेत्यांची भाषा, कुराणाची भाषा. तरीही घरातील मूल जी भाषा बोलते तीच मंडळीची भाषा असावी, हे त्यांनी ओळखिले. जुनी कॉप्ट भाषा त्यांच्या गीतांत व प्रार्थनांत आजही ऐकू येते, पण उपदेश व शास्त्रवाचन लोकांच्या भाषेत होते.

आता पश्चिमेस कार्थेजकडे चलावे. येथील मंडळी मिसराहून विद्येत कमी नव्हती. लॅटिन भाषेतील ख्रिस्ती वाङ्मय जन्मास आले ते रोमात नव्हे, येथे. ४११ साली कार्थेज येथे डोनाटसपंथी व कॅथोलिक यांच्यात वादसभा झाली, तेव्हा दोन्ही पक्षांचे मिळून पाचशेंहून अधिक बिशप जमले होते. इतके बिशप, पण भांडण इतके जुने की एकाच गावात दोन बिशप व दोन वेद्या! सभेनंतर ४१२ साली बादशाहाने डोनाटसपंथीयांवर दंड बसविले, व ऑगस्टीनसारख्या महात्म्याने लूक १४:२३ मधील आग्रहाने आत आणण्याच्या आज्ञेचा आधार घेऊन त्या सक्तीचे समर्थन केले. आम्ही ऑगस्टीनाचे फार ऋणी आहो, परंतु या ठिकाणी तो चुकला असे आम्हांस स्पष्ट लिहावे लागते. त्याच्या या वचनाने पुढे हजार वर्षे किती निष्ठुर माणसांच्या हातात शस्त्र दिले!

त्याच्या हयातीतील एक गोष्ट मात्र आमच्या पाळकांनी व उपदेशकांनी अवश्य लक्षपूर्वक वाचावी. हिप्पोपासून सुमारे चाळीस मैलांवर फुस्सला नावाचे खेडे होते. तेथील गावकरी लॅटिन नव्हे तर प्यूनिक भाषा बोलत. ही भाषा सोर व सीदोन येथील व्यापाऱ्यांनी फार पूर्वी तेथे नेलेली, आणि इब्रीची जवळची नातलग. तुम्ही कोण, असे त्या भागातील शेतकऱ्यांस विचारले तर ते आपल्या बोलीत, आम्ही कनानी, असे सांगत, ही नोंद ऑगस्टीनाचीच आहे. फुस्सलास बिशप हवा होता, आणि त्यास प्यूनिक येणे जरूर होते. ऑगस्टीनाने एक योग्य गृहस्थ शोधिला, दीक्षेसाठी दूरच्या वडील बिशपास बोलाविले, आणि ऐन वेळी त्या गृहस्थाने नकार दिला. आलेल्या वृद्धास रिकामे कसे पाठवावे, या संकोचाने ऑगस्टीनाने आपल्या मठात लहानाचा मोठा झालेला अँटोनिनस नावाचा तरुण पुढे केला. त्यास भाषा येत होती. अनुभव मुळीच नव्हता. थोड्याच दिवसांत त्याने गावकऱ्यांस लुबाडले, जुलूम केला, आणि प्रकरण रोमापर्यंत गेले. सुमारे ४२३ साली ऑगस्टीनाने रोमाच्या बिशपास जे पत्र लिहिले, त्यात तो आपली चूक मोठ्या दुःखाने पदरी घेतो. एवढा मोठा धर्मगुरू, पण चाळीस मैलांवरील खेड्याची भाषा जाणणारा योग्य मनुष्य त्यास मिळू नये! आमच्या सातपुड्यातील पाड्यांवर, जेथे घरात भिली किंवा कोरकू बोलतात, मराठी छापील पुस्तक घेऊन जाणाऱ्या उपदेशकास हे वाचून काय वाटेल बरे?

प्यूनिक भाषेत शास्त्राचे भाषांतर झाल्याचे कोठेही आढळत नाही, आणि डोंगरातील बर्बर लोकांच्या भाषेतही नाही. मंडळी लॅटिन बोलत राहिली. ४३० साली व्हँडाल लोकांनी हिप्पोस वेढा घातला असता ऑगस्टीन वारला. सुमारे शंभर वर्षे व्हँडालांचा अंमल झाला, मग कॉन्स्टँटिनोपलच्या बादशाहाने देश परत जिंकिला, आणि ६९८ साली अरबांनी कार्थेज कायमचे घेतले. तेव्हा ज्यांस लॅटिन येत होते, ज्यांजवळ पैसा व जहाजाचे भाडे होते, त्यांतील पुष्कळ इटली व इतर देशांत निघून गेले. मागे राहिलेल्या शेतकऱ्यांच्या हातात त्यांच्या भाषेचे पुस्तक नव्हते. तरी मंडळी एका दिवसात मेली नाही. १०५३ सालच्या एका पत्रात रोमाचा पोप लिओ नववा खेद करितो की जेथे एके काळी शेकडो बिशप सभेस जमत, तेथे आता जेमतेम पाच उरले. १०७६ साली ग्रेगरी सातव्यास कळले की नवीन बिशपास दीक्षा देण्यास तीन बिशप लागतात, ते तीनही त्या देशात मिळत नाहीत. बाराव्या शतकात समई विझली.

इतिहासकार या ऱ्हासाची आणखी कारणे सांगतात. स्थलांतर, करांचे ओझे, टोळ्यांच्या स्वाऱ्या, मठांचा अभाव ही कारणे खरी आहेत व आम्ही ती नाकारीत नाही. पण राजाच्या भाषेत बोलणारी मंडळी राजा गेल्यावर मुकी झाली, हे आम्हांस सर्वांत वजनदार वाटते.

ख्रिस्ती बादशाहीची तलवार सुवार्तेस किती उपयोगी पडते याची दुसरी परीक्षा आठव्या शतकातच झाली, आणि योगायोगाने जवळजवळ एकाच वर्षी दोन ठिकाणी. पश्चिम युरोपात फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन हा सॅक्सन लोकांस ख्रिस्ती करीत होता. ७८२ साली त्यांच्या बंडाची शिक्षा म्हणून व्हेर्डन येथे एका दिवसात ४५०० सॅक्सनांची डोकी उडविली, असे त्याच्याच दरबारच्या इतिहासपत्रात नमूद आहे. पुढे त्याने कायदा केला की जो बाप्तिस्मा घेण्याचे नाकारील त्यास देहान्त, आणि जो उपवासकाळात धर्माचा अवमान करून मांस खाईल त्यासही देहान्त. त्याचा स्वतःचा गुरू अल्कुइन याने ७९६ साली लिहिलेल्या पत्रांत या रीतीचा निषेध केला. मनुष्यास पाण्यापर्यंत ओढून नेता येईल, विश्वासापर्यंत नाही, असा त्याचा आशय होता. ८०० सालच्या नाताळात शार्लमेनास रोमात बादशाही मुकुट मिळाला.

इकडे बगदादात सुमारे ७८१-७८२ साली पूर्वेकडील सूरियानी मंडळीचा मुख्य, तिमथी पहिला, खलिफा महदी याच्या दरबारात उभा होता. खलिफाने दोन दिवस त्यास त्रैक्य, देवाचा पुत्र, वधस्तंभ यांविषयी प्रश्न केले. तिमथीजवळ शिपाई नव्हते, राजा नव्हता. महंमदाविषयी तुझे मत काय, या अवघड प्रश्नास त्याने उत्तर दिले की ते संदेष्ट्यांच्या मार्गाने चालले, कारण त्यांनी आपल्या लोकांस मूर्तींपासून वळवून एका देवाकडे नेले. हे बोलून त्याने आपला विश्वास एक तसूभरही सोडला नाही. त्याने दिलेला दृष्टान्त असा : काळोखी रात्र, घरात पुष्कळ माणसे, आणि एक मोती जमिनीवर पडतो. सर्व चाचपतात. एकास मोती सापडतो, कोणास काच, कोणास खडा, कोणास ढेकूळ. पण प्रत्येकास वाटते की मोती माझ्याच हाती आहे. उजाडले म्हणजे कळेल. मोत्याच्या खुणा आताही थोड्याबहुत दिसतात, आणि त्या आमच्या शुभवर्तमानात आहेत, हेही त्याने नम्रपणे सांगितले. दोघेही सन्मानाने निरोप घेऊन उठले. याच मंडळीचे उपदेशक ६३५ साली चीनपर्यंत पोहोचले होते, व ७८१ साली तेथे उभारिलेला त्यांचा कोरीव शिलालेख आजही शाबूत आहे. व्हेर्डन व बगदाद या दोन चित्रांपैकी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाशी कोणते जुळते ते वाचकांनीच पहावे.

या दोन दरबारांत पुढे मैत्रीही झाली. महदीचा पुत्र हारून-अल-रशीद याने शार्लमेनास अबुल-अब्बास नावाचा हत्ती भेट पाठविला, तो ८०२ साली आखेन येथे पोहोचला. सॅक्सन शेतकऱ्यास बाप्तिस्मा की मरण असा पेच घालणाऱ्या राजास बगदादचा हत्ती मात्र आनंदाने चालला!

धर्मयुद्धांची कथा आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण ती सांगावयास लाज वाटते. १०९९ साली पश्चिमेकडील ख्रिस्ती सैन्याने यरुशलेम घेऊन मुसलमान व यहूदी यांची जी कत्तल केली, तिच्यापुढे उमर यांचे वर्तन आठवले म्हणजे मान खाली जाते. ११८७ साली सलाउद्दिनाने नगर परत घेतले. १२०४ साली तर त्याच ध्वजाखालील लोकांनी कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती नगरच लुटिले. त्या धक्क्यातून ती बादशाही पुरती सावरली नाही, व १४५३ साली तुर्कांच्या हाती पडली.

हे सर्व दूरचे देश झाले. परंतु या गोष्टीचे एक टोक आपल्या कोकणपट्टीस येऊन लागते. अलेक्झांद्रियाचा कॉस्मास नावाचा व्यापारी सुमारे ५५० साली लिहितो की, मिरी जेथे पिकते त्या मलबारात ख्रिस्ती मंडळी आहे, आणि 'कल्लियाना' येथे इराणातून दीक्षा घेऊन आलेला बिशप आहे. हे बंदर म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक विद्वान मानितात. म्हणजे महंमद पैगंबरांच्या जन्मापूर्वी उल्हास नदीच्या काठी ख्रिस्ती उपासना होत होती! पुढे १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यास उतरले, ते एका सूरियानी ख्रिस्ती गृहस्थाच्या घरी. काजीपुढील वादानंतर तेथे त्यांचा वध झाला. त्यांच्या यजमानाच्या मंडळीचे नाव त्यानंतर हळूहळू ऐकू येईनासे होते.

येथे कोणी चौकस वाचक आम्हांस अडवील, आणि त्याने अडवावेच. केरळातील मंडळी तर शेकडो वर्षे सूरियानी भाषेत उपासना करीत आली, लोक मल्याळी बोलत, आणि तरीही ती टिकली. मग तुमचा नियम कोठे राहिला? आक्षेप योग्य आहे. केरळात मंडळी शेतीवाडी, घराणी व गावपण यांत खोल रुजलेली होती व तेथील हिंदू राजांनी तिला मान दिला होता. कल्याण-ठाण्याची मंडळी मुख्यतः बंदरातील व्यापारी लोकांची असावी असे दिसते. भाषा हे एकच कारण सर्वत्र लागू पडते असे म्हणण्याचा आमचा आग्रह नाही. पण केरळातील मंडळीनेही अखेर लोकभाषेचा मार्ग धरिला, व मल्याळी भाषेतील पहिली छापील शुभवर्तमाने १८११ साली निघाली ती, मौजेची गोष्ट अशी की, आपल्या मुंबईत.

कल्याणच्या त्या जुन्या मंडळीची मराठीत किंवा तिच्या पूर्वीच्या प्राकृतात एक ओळही मागे राहिलेली नाही. गोव्याकडे फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापून निघाले, तेव्हा मराठी ओवीत शास्त्रकथा प्रथम ऐकू आली. संपूर्ण नवा करार मराठीत सिरामपूर येथे छापला गेला तो १८११ साली. कॉस्मासच्या नोंदीपासून तोपर्यंत साडेबाराशेहून अधिक वर्षे लोटली होती.